दादाच्या नावाने आलेला मुलगा

बाबा कारखान्याच्या पाळीची बस चालवायचे. धारहून पहाटे पीथमपूरला माणसं पोचवायची आणि रात्रपाळीची माणसं घेऊन परत यायचं. बस आमच्या गल्लीच्या तोंडाशीच उभी असायची. गाडी जुनी, इंजिन तापल्याशिवाय हलायची नाही, त्यामुळे आमच्या घराला जाग यायची ती त्या घरघरीने. भिंतीवरचा आरसा थरथरायचा, फडताळातल्या ताटल्या किणकिणायच्या आणि त्या सगळ्यावर आवाज चढवून आई ओरडायची, "विशू, उठ रे, बाबा निघून राहिलेत!" विशू म्हणजे माझा मोठा भाऊ विशाल. मी त्याला दादा म्हणायचे. तो त्याच बसने कामाला जायचा. पोहे उभ्याउभ्याच खायचा, वर मूठभर शेव आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमच्याकडचा मसाला, एवढं की खाली पोहे आहेत की नाही ते दिसू नये. घरात बापलेकांचं बोलणं जेमतेम, पण बसमध्ये दादा ठरवून बाबांच्या मागच्या सीटवर बसायचा आणि पीथमपूरपर्यंत दोघं गप्पा मारायचे, असं बसमधली माणसं येऊन आईला सांगायची. आईला ते ऐकायला फार आवडायचं.

दादा गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेक्यावर होता. संध्याकाळी घरी आला की त्याच्या मोज्यांत लोखंडाचा कुरळा कीस अडकलेला असायचा आणि अंगाला यंत्राच्या तेलाचा वास. आई त्याचे कपडे वेगळे भिजवायची. ती घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. आमचं घराणं जुन्या काळी मराठा दरबाराबरोबर तंबू शिवायला इकडे माळव्यात आलं, तेव्हापासून घरात सुईदोरा आहे असं ती म्हणायची. ती स्वतः देवासची, पण मराठी अगदी जुन्या वळणाचं. न्याहारी, यजमान, माजघर हे शब्द तिच्या तोंडी सहज असत आणि त्याच वाक्याच्या शेवटी "टेन्शन मत ले" हेही. मी हिंदी शाळेत शिकले. पोथी वाचताना माझी जीभ अडखळायची आणि दादा हसायचा. आता या वयात हे मराठीत लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतं. पण आईचं बोलणं हिंदीत उतरवून पाहिलं तर ते आईचं राहिना.

ज्या दोन देशांत ती लढाई झाली त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आमच्या घरात ती पुढे कुणी घेतलीच नाहीत. ज्या बलाढ्य देशाने चाल केली त्याला आई 'तिकडचे' म्हणायची आणि ज्या लहानशा शेजाऱ्यावर केली त्यांना 'ते बिचारे'. तो लहान देश गहू पिकवायचा, ट्रॅक्टर बनवायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. लढाई सुरू झाली त्या सकाळी समोरच्या नमकीनच्या दुकानातले गोलू भिया आमच्याकडे टीव्ही बघायला आले होते. पडद्यावर रणगाड्यांची रांग चालली होती. "बड़ा है तो दबाएगा ही भिया, इसमें नई बात क्या है," ते म्हणाले. दादालाही रणगाडे आवडले होते. हा कुठला, तो कुठला, ते फोनवर शोधून तो मला सांगत होता. मग पडद्यावर एक बाई दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मांजर, आणि ती बसमागे धावत होती. मशीनवर बसलेली आई थांबली. "एवढ्या घाईत तिने गॅस बंद केला असेल का गं?" तिने मला विचारलं. गोलू भियांनी चॅनल बदललं.

दादा बनवायचा ते गिअर त्या लहान देशातल्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात जातात, हे तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दादालाही नव्हतं. तो कारखाना पहिल्याच महिन्यात जमीनदोस्त झाला. पीथमपूरला बांधून तयार असलेले खोके गोदामात पडून राहिले, आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि ठेक्यावरच्या पोरांना सांगितलं गेलं की बोलावू तेव्हा या. बाबांची बस हळूहळू रिकामी होत गेली. इंजिन तसंच घरघरायचं, पण आई आता "विशू, उठ" म्हणून ओरडायची नाही. दादा जागाच असायचा. भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि मी झाडू घेऊन आले की झोपल्याचं सोंग करायचा. पुढे पुढे तो गल्लीतही निघेना. जिरावनाची डबी भरलेलीच राहायला लागली.

आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, देवासला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. दादावर त्याचा जीव होता. तोच एका रविवारी आला आणि म्हणाला की माझ्या ओळखीचा एक एजंट परदेशी मुलं पाठवतो. तिकडच्यांची तरुण पोरं सगळी लढाईवर गेलीत, त्यांना गोदामात, कारखान्यात माणसं हवीत. राहणं-खाणं त्यांचं. देवासजवळच्या हाटपिपल्याचा एक मुलगा पण जातोय.

बाबा जेवता जेवता थांबले. "ज्यांनी आपलं काम घालवलं त्यांच्याच दारात उभं राहायचं?"

"काम तेच देऊन राहिलेत ना बाबा," दादा म्हणाला. "दुसरं कोण देऊन राहिलंय?"

"लढाई चालू आहे रे तिथे," आई म्हणाली.

"ताई, लढाई शेजारच्या देशात आहे," मामा तिला समजावत होता. "यांच्या घरातला दिवासुद्धा विझला नाही. तिकडे सिनेमे चालू, हॉटेलं चालू. तू उगीच घाबरतेस."

मामाने खोटं सांगितलं नव्हतं. त्यालाही तसंच सांगितलं गेलं होतं, आणि ते खरंही होतं. तिकडे दिवे जळतच होते.

निघायच्या आधी चार दिवस घरात भाजणीचा वास कोंडून राहिला होता. आईने मेतकूट केलं, शेंगदाण्याची चटणी कुटली, गूळपापडीच्या वड्या पाडल्या, आणि जिरावनाची पुडी दादाच्या स्वेटरच्या आत गुंडाळली. आम्ही आधी देवासला गेलो, टेकडीवर दोन्ही देवींचं दर्शन घेतलं. उतरताना दादाने आईचा हात धरला होता, खरं तर पायऱ्या काही अवघड नव्हत्या. इंदूरच्या विमानतळावर काचेच्या पलीकडून तो हात हलवत राहिला आणि बाबा, जे कुणालाही हात हलवत नसत, तेही हलवत राहिले. परतताना मामा सगळ्या वाटभर बोलत होता. तिकडे बर्फ कसा पडतो, दादा पुढे कसा आम्हाला सगळ्यांना बोलावेल.

सुरुवातीचे फोन बरे होते. गोदाम मोठं होतं, हातमोजे दिले होते, हाटपिपल्याचा मुलगा शेजारच्याच पलंगावर झोपायचा. मेतकूट भातावर नाही, उकडलेल्या बटाट्यावर घालून खातो म्हणाला. मग काही आठवडे फोन नाही. नंतर आला तेव्हा दादाच्या अंगावर हिरवट जाड कोट होता. त्यांच्या भाषेतल्या कागदावर सगळ्यांकडून सह्या घेतल्या होत्या, आणि आता खंदक खोदायचं काम होतं. "बंदूक नाही आई, फक्त फावडं," तो पुन्हापुन्हा सांगत होता. बाबा म्हणाले, परत ये. दादा म्हणाला, पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि ते बाहेर जाऊन बसमध्ये बसून राहिले.

त्यानंतर एकदाच बोलणं झालं. दुपारची वेळ होती, आई मशीनवर होती, मी तिच्यासमोर फोन धरला. दादा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसला होता. मागे निळी फरशी, ओट्यावर किटली, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मला आधी ओळखूच आलं नाही.

"हे कुणाचं घर रे?" आईने विचारलं.

"रिकामं आहे."

"रिकामं कसं? किटली दिसतेय. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या रेघा दिसतायत."

"गेलेत ते लोक, आई."

"कुठे गेले?"

"माहीत नाही. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. खाली तळघरात बरण्या होत्या. टमाट्याच्या, काकड्यांच्या. खाल्ल्या आम्ही."

मला वाटलं, आई आता रडणार. तिने साडीची निरी नीट केली आणि म्हणाली, "बरणी धुऊन ठेव."

"हो," दादा म्हणाला.

"झाकण लावून ठेव. ती बाई येईल परत."

दादाने मान हलवली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, त्याने तोंड उघडलंही, पण मागून कुणीतरी त्या परक्या भाषेत ओरडलं आणि फोन बंद झाला. नंतर मी कितीतरी वेळा लावला. मग तो लागेनासाच झाला.

एजंटच्या दुकानाला कुलूप होतं. मामा रोज जाऊन त्या कुलुपासमोर उभा राहायचा. बाबा आणि तो हाटपिपल्याला गेले, तर त्या मुलाचे आईवडील आम्हाला काही कळलंय का विचारायला धारलाच निघाले होते. चौघं रस्त्यातच भेटले आणि चहाच्या टपरीवर बसून परत फिरले. भोपाळला जाऊन झालं, दिल्लीलाही जाऊन झालं. सगळीकडे माणसं चांगली बोलली. आमच्यासारखी आणखी बरीच घरं होती आणि साहेबांनी सगळ्यांना खुर्चीत बसवून पाणी दिलं. तिकडून उत्तर एकच यायचं, शोध चालू आहे. लढाईसुद्धा चालूच होती. टीव्हीवर ती आता पहिली बातमी नसायची, क्रिकेटच्या नंतर यायची. गोलू भियांनी तेलाच्या भावाचं कारण सांगून शेवेची पाकिटं लहान केली, आणि एके दिवशी न मागता एक मोठं पाकीट आईच्या हातात ठेवून गेले. त्या दिवसानंतर ते लढाईबद्दल आमच्यासमोर बोलले नाहीत.

मग थंडीत फोन आला की विशालचं पार्थिव येत आहे. बाबांनी तो उभ्याने ऐकला, हो साहेब, हो साहेब म्हणाले आणि फोन ठेवून आधी पायांत चपला घातल्या. कुठे जायचंय हे त्यांना सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मामाबरोबर इंदूरला गेले आणि दुपारी रुग्णवाहिकेबरोबर परत आले. गल्लीत मंडप होता, फुलांच्या माळा होत्या, कुणीतरी दादाचा मोठा फोटो छापून आणला होता. एका पोराने "अमर रहे" सुरू केलं. बाबांनी त्याच्यासमोर हात जोडले. तो गप्प झाला. अमर कुणासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पेटीबरोबर एक सरकारी साहेब आले होते, उतारवयाचे, सौम्य. ते आईला म्हणाले, "माताजी, मत खोलिए. जैसा याद है, वैसा ही रहने दीजिए."

"मला तोंड बघू द्या," आई म्हणाली. तिने ते मराठीतच म्हटलं आणि साहेबांना समजलं.

लाकडाच्या आत जस्ताचा पत्रा होता, कडेने झाळून बंद केलेला. मागच्या गल्लीतून पत्रा कापायची कात्री आणली. मामा कापत होता आणि कापताना मोठ्याने रडत होता. पत्रा वाकवून मागे केला, तेव्हा आधी औषधाचा उग्र वास आला, मग पांढरी चादर, मग चेहरा.

तो दादा नव्हता. भुवया पिवळ्या होत्या. कातडी कागदासारखी गोरी, हनुवटीवर चुकूनमाकून उगवलेले सोनेरी केस. डोक्याची एक बाजू पट्टीने बांधलेली. दादापेक्षाही लहान होता, माझ्याच वयाचा म्हणा ना. आई वाकून बघत राहिली, खूप वेळ. मला वाटलं तिला कळत नाहीये. मग ती म्हणाली, "हा आपला नाही."

मग मामा हसायला लागला. "ताई, आपला नाही! विशू जिवंत आहे ताई!" मागून कुणीतरी "बधाई हो" म्हणालं. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. मी त्यांना दोष देत नाही. मीही हसत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

"गप्प बसा," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हा मेलाय ना?"

तिने पदराने त्या मुलाच्या कपाळावर पडलेला पत्र्याचा कीस टिपून घेतला, आणि मग ती जी रडायला लागली, ती आत नेईपर्यंत थांबली नाही. दादाची बातमी आल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं.

साहेबांनी कागद पुन्हापुन्हा उलटून पाहिले. "कागज़ पर तो यही विशाल है," ते हताशपणे म्हणाले. बाबांनी पेटी घ्यायला नकार दिला. संध्याकाळच्या आत ती परत इंदूरला गेली, तिथल्या शवागारात. लोक म्हणाले, आता चूक सुधारतील, खऱ्या विशालचा तपास लागेल. तपासाला नवं बळ मिळालं असं आम्हालाही वाटलं. काही दिवस घरात जेवणं नीट झाली.

चूक कुणी सुधारली नाही. तिकडच्यांनी कळवलं की पाठवलेला देह विशालचाच आहे आणि प्रकरण मिटलं आहे. त्या बिचाऱ्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीत बाबा दोनदा गेले. तिथल्या बाईंनी शवागाराच्या कागदांवरचा फोटो पाहिला आणि त्या म्हणाल्या की हा आमचा की त्यांचा हे कशावरून ठरवणार? अंगावर गणवेश नव्हता, बिल्ला नव्हता, काही नव्हतं. दोन्हीकडची पोरं सारखीच दिसतात. लढाई संपली की बघू. तपासणीसाठी काढलेला नमुना दिल्लीला गेला होता, त्याचं काय झालं ते कुणाला सांगता आलं नाही. बाबा इंदूरकडे गेले की शवागाराच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. आत जात नसत. का बसता म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "कुणी विचारायला आलं तर."

उन्हाळ्यात तिथलं गार ठेवायचं यंत्र सारखं बंद पडायला लागलं. डॉक्टरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "काका, अब नहीं रख पाएँगे." कुणी नेलं नाही तर बेवारस म्हणून विल्हेवाट लावतील. त्या संध्याकाळी आईबाबा ओसरीत बसले होते. मी आत कणीक मळत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"आपण अग्नी दिला तर कागदावर विशू संपला," बाबा म्हणाले. "मग कुणी शोधणार नाही त्याला."

"आत्ता कोण शोधतंय?"

बाबांनी पायाशी पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळला.

"आणि नाही दिला तर तो पोरगा कचऱ्यासारखा जाईल," आई म्हणाली. "अहो, विशू पण कुणाच्या तरी दारात पडला असेल. त्यांनी त्याला असं टाकलं तर?"

"विशू जिवंत आहे असं तूच म्हणतेस ना?"

"आहेच. मी मेलेल्याचं बोलून राहिलेय."

त्यांच्याकडे पुरतात, हे मी मध्येच जाऊन सांगितलं. बाबांनी तेही विचारून पाहिलं. पण कागदावर तो आमचा विशाल होता, हिंदू, राहणार धार, आणि त्या नावाच्या माणसाला ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळणं शक्य नव्हतं. बाबांनी सही केली. ती करताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला होता. सहीबरोबर दादा सरकारदरबारी मेला. त्या एका सहीने त्याचा शोध कायमचा बंद झाला, आणि आम्हाला तिघांनाही ते करताना माहीत होतं.

नेण्याआधी बाबांनी मला त्याचा एक चांगला फोटो काढायला सांगितलं. "याची आई कुठेतरी असेल," ते म्हणाले. शवागारातल्या माणसाने त्याचे केस ओले करून नीट बसवले. मी फक्त चेहऱ्याचा फोटो काढला, पट्टीची बाजू येऊ दिली नाही.

धारच्या स्मशानात आम्ही मोजकी माणसं होतो. गुरुजींनी गोत्र विचारलं. बाबा म्हणाले, माहीत नाही. गुरुजी म्हणाले, माहीत नसेल तर काश्यप म्हणावं. मग त्यांनी नाव विचारलं. बाबांच्या तोंडून दादाचं नाव निघेना आणि दुसरं नाव त्यांच्याजवळ नव्हतं. गुरुजी जाणते होते. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठीही विधी आहे, तो करू, म्हणाले. अग्नी बाबांनी दिला. अस्थी घेऊन आम्ही निसरपूरला गेलो. तिथे धरणाच्या पाण्याने जुना घाट केव्हाच पोटात घेतला होता. नावाड्याने नर्मदेच्या मधोमध नेऊन नाव थांबवली आणि म्हणाला, याच्या खाली घाट आहे, इथेच सोडा. मामाने मडकं पाण्यात धरलं. त्याच्या हातून ते लवकर सुटेना. त्यानंतर मामा फार वर्षं जगला, पण देवासचं दुकान त्याने पुन्हा उघडलं नाही.

फोटो मी इंटरनेटवर टाकला, जिथे त्या दोन्ही देशांतल्या बायका आपली हरवलेली मुलं शोधायच्या. यंत्राने भाषांतर करून खाली लिहिलं की हा मुलगा आमच्याकडे आला आहे, कुणाचा आहे? मला वाटलं होतं, एकतर कुणीच लिहिणार नाही, नाहीतर एक बाई लिहील. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत इतक्या जणींनी लिहिलं होतं की मला वाचवेना. प्रत्येकीला तो आपलाच वाटला होता. कुणी लिहिलं, कान त्याच्या वडिलांसारखे आहेत. कुणी त्याचा शाळेतला फोटो पाठवला, आणि तो खरोखर तसाच दिसायचा. मग दुसरीने पाठवला, तोही तसाच. चाल करणाऱ्यांच्या आया होत्या, चाल झालेल्यांच्या होत्या. एकाच फोटोखाली एकमेकींना शिव्याही द्यायच्या, तुमच्या पोराने आमचं पोर मारलं म्हणून, आणि त्याच तोंडाने आम्हाला विचारायच्या, त्याच्या डाव्या गुडघ्यामागे व्रण होता का? त्याचा पुढचा दात तुटलेला होता का? आम्ही गुडघा पाहिला नव्हता. तोंड उघडून दात पाहिले नव्हते. आणि आता पाहायला काही उरलं नव्हतं.

आई मशीनवर बसून ऐकायची, मी एकेक वाचून दाखवायचे. "सगळ्यांना हो म्हणू या का?" मी एकदा विचारलं. "निदान त्यांचं वाट बघणं संपेल."

"मला कुणी असं हो म्हणालं तर मी ऐकेन का?" ती म्हणाली. "खरं तेच लिही. माहीत नाही म्हण."

मग मी वर्षानुवर्षं तेच लिहीत गेले. माझं लग्न झालं, मी देवासला आले, बाबा गेले, लढाईसुद्धा एका रेघेवर येऊन थांबली. तहात ती रेघ तशीच राहिली. तिकडच्यांना जे हवं होतं त्यातलं बरंचसं त्यांना मिळालं. बायका लिहीत राहिल्या, हळूहळू कमी झाल्या. आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे होती. तिचे हात कापायचे, सुई ओवता येत नसे, पण डोकं लख्ख होतं. दादासाठी ताट वाढायला सांगणं वगैरे तिने कधी केलं नाही. तो येईल, एवढंच ती म्हणायची, पाऊस येईल म्हणावं तसं. कुणी त्याला 'होता' म्हटलं तर "आहे" म्हणून दुरुस्त करायची. मीही 'आहे' म्हणायला शिकले होते.

एका दुपारी, ती अंगणात उन्हाला बसली असताना, अशाच एका बाईचा निरोप आला. बाई त्या लहान देशातली होती आणि म्हातारी असावी, कारण सगळं तिची नात लिहीत होती. तिने पुढचं-मागचं काही विचारलं नाही. व्रणाचं नाही, दाताचं नाही. तिने फक्त विचारलं, त्याची कबर कुठे आहे? मला अजून प्रवास झेपेल. मी येऊन बसेन.

मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "सांग तिला."

कबर नाही, मी लिहिलं. आम्ही त्याला अग्नी दिला आणि अस्थी नदीत सोडल्या.

थोड्याच वेळात उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, का जाळलंत त्याला?

मी ते आईला वाचून दाखवणार नव्हते. पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. आई म्हणाली, "लिही, आमच्याकडे असंच करतात. आपल्या माणसाचं करतात तसंच केलं."

मी लिहिलं. पलीकडून काही आलं नाही. मी फोन खाली ठेवला.

"तिला वाईट वाटलं असेल गं," आई म्हणाली. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि जणू कितीतरी दिवसांपासून ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "आपला विशू पण त्यांनी पुरलाच असेल."